खाद्य शाईचे चित्र आणि केकवरचे मराठी नाव

खाण्याजोग्या पातळ कागदावर, खाण्याजोग्या रंगांची शाई भरलेल्या इंकजेट यंत्राने उमटवलेली आणि नंतर केकवर चिकटवलेली प्रतिमा म्हणजे खाद्य छापील चित्र. बेकरीच्या बोलीत त्याला ‘फोटो शीट’, ‘शुगर शीट’ किंवा नुसते ‘प्रिंट’ म्हणतात आणि असे चित्र मिरवणारा केक ‘फोटो केक’ म्हणून ओळखला जातो. साखरेच्या मळलेल्या गोळ्यापासून लाटलेल्या फॉन्डंटच्या गुळगुळीत आवरणावर हे चित्र सर्वांत चांगले बसते. बाळाचे छायाचित्र, आजी-आजोबांच्या लग्नाचा जुना फोटो, शाळेचे बोधचिन्ह, मराठीतील नाव आणि शुभेच्छा असे काहीही त्यावर उमटवता येते.

मात्र छपाईचे हे तंत्र वरकरणी दिसते तितके निरुपद्रवी नाही. त्यात दोन गोष्टींची शुद्धता सांभाळावी लागते. पोटात जाणारी शाई शुद्ध असावी लागते आणि डोळ्यांपुढे येणारे नाव शुद्ध असावे लागते. पहिल्या शुद्धतेचा संबंध मुलांच्या आरोग्याशी आहे, तर दुसरीचा भाषेच्या मानाशी. जिथे घरची भाषा एक आणि बाजाराची, कचेरीची किंवा शाळेची भाषा दुसरी असते, तिथे ही दुसरी शुद्धता विशेष जपावी लागते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांना याचा अनुभव नवा नाही.

सीमेवरचा मराठी मुलूख

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा असाच एक मुलूख आहे. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढलेला पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला आणि सौंसरचा समावेश त्यात झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातील मराठी भाषक विदर्भ मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. परिणामी या दोन्ही गावांत घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, सौंसरजवळच्या जामसावळीचा हनुमान आणि संत्र्यांच्या बागा यांमुळे हा परिसर ओळखला जातो. खरेदीसाठी जवळचे मोठे शहर नागपूर.

गोव्यात राजभाषा कायदा १९८७ ने कोकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा दिली. पांढुर्णा-सौंसरकडे शासकीय व्यवहाराची भाषा हिंदीच आहे. त्यामुळे जन्मदाखल्यावर किंवा शाळेच्या पटावर ‘गोपाळ’चे ‘गोपाल’ आणि ‘मंगळा’चे ‘मंगला’ होणे तेथे सहज घडू शकते. हिंदीच्या प्रमाण लेखनात ‘ळ’ला जागाच नाही. वाढदिवसाचा केक ही तशी लहान गोष्ट. परंतु ज्या वस्तूंवर मुलाचे नाव घरच्या उच्चाराप्रमाणे लिहिले जाऊ शकते, अशा मोजक्या वस्तूंपैकी ती एक आहे. म्हणूनच केकवरच्या छपाईचे तंत्र समजून घेताना पांढुर्णा-सौंसरचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील भाषेचा प्रश्न गोव्याला ओळखीचा आहे, तेथील हवा मात्र गोव्याच्या अगदी उलट आहे.

साखरेवरच्या चित्राची परंपरा

खाण्याच्या पदार्थावर चित्र उमटवण्याची कल्पना इंकजेटच्या पुष्कळ आधीची आहे. गुढीपाडव्याला गुढीला बांधल्या जाणाऱ्या साखरगाठी लाकडी साच्यांत दोरा ठेवून, वरून पाक ओतून घडवल्या जातात. साच्यात कोरलेली नक्षी साखरेवर जशीच्या तशी उमटते. विदर्भात होळीच्या सुमारास मुलांच्या गळ्यात गाठी घालण्याची रीत आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख हाही पदार्थावर बसवलेला, पदार्थाबरोबर खाल्ला जाणारा अतिपातळ थरच होय. त्याच्या निर्मितीत प्राणिजन्य साहित्य वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये केला. पदार्थाच्या शोभेचा थरही अन्नच आहे आणि त्याला अन्नाचेच नियम लागू होतात, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

युरोपात सोळाव्या शतकात साखर आणि ट्रॅगॅकंथ हा डिंक मळून त्यापासून ताटे, पेले आणि फळे घडवली जात. १५५८ मध्ये इंग्रजीत आलेल्या ‘पिएमॉन्टच्या अलेक्सिस’च्या नावावरील पाककृती-औषधींच्या ग्रंथात अशा साखरेच्या लगद्याची कृती आहे. आजच्या फॉन्डंटचे पूर्वज म्हणून त्याकडे पाहता येते. वेफर कागदाचे नाते याहून जुन्या प्रथेशी जुळते. ख्रिस्ती उपासनेतील ओस्ती पीठ आणि पाणी यांपासून, कोरीव लोखंडी साच्यांत भाजून केली जाते आणि तिच्यावर क्रूसासारखी चिन्हे उमटवली जातात. गोव्याच्या वाचकांना ती परिचित आहे. १९९० च्या दशकात इंकजेट यंत्रे स्वस्त होऊन घरोघरी पोहोचली, तेव्हा साच्याची जागा संगणकावरील चित्राने घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

फॉन्डंट आणि दोन प्रकारचे कागद

लाटून केकवर पसरायचे फॉन्डंट हे दळलेली साखर, ग्लुकोजचा घट्ट पाक, ग्लिसरीन, थोडे वनस्पतिजन्य स्निग्ध आणि घट्टपणासाठी एखादा बंधक यांपासून तयार होते. बंधक म्हणून पारंपरिक कृतीत जिलेटिन वापरतात. ते प्राण्यांच्या हाडे-कातड्यांपासून मिळते, म्हणून शाकाहारी कुटुंबांसाठी अगर-अगर किंवा वनस्पतिजन्य डिंक वापरलेले फॉन्डंट घ्यावे लागते. केक बिनअंड्याचा आहे, एवढ्यावरून तो संपूर्ण शाकाहारी ठरत नाही. फॉन्डंटच्या पाकिटावरचे हिरवे वर्तुळ पाहिल्याखेरीज तसे सांगता येत नाही.

चित्र छापण्याचे कागद मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

पहिला वेफर कागद. बटाट्याचे किंवा तांदळाचे पिष्ट, पाणी आणि थोडे तेल एवढेच त्याचे घटक. तो हलका, कडक आणि स्वस्त असतो. त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी किंचित खरबरीत असते. छपाई गुळगुळीत बाजूवर उठावदार येते. पाण्याचा थेंब पडताच तो आकसतो, वाकतो आणि विरघळू लागतो. त्यावरचे रंगही काहीसे फिके दिसतात. फुलपाखरे, पाने किंवा उभी राहणारी आकृती कापून लावायची असेल, तर हा कागद सोयीचा.

दुसरा साखरेचा कागद, म्हणजे शुगर शीट. पिष्ट, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, सेल्युलोजजन्य डिंक आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण प्लॅस्टिकच्या पातळ पानावर पसरून तो वाळवलेला असतो. तो लवचीक असतो, फॉन्डंटवर बसल्यावर त्याच्याशी एकजीव होतो आणि छायाचित्रातील बारकावे त्यावर स्पष्ट दिसतात. फॉन्डंट केकवरील छायाचित्रासाठी हाच योग्य. काही साखरकागद पांढरे दिसावेत म्हणून त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड घातलेले असते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याचा वापर बंद केला. त्यामुळे पाकिटावरील घटकांची यादी वाचून हा घटक नसलेला कागद निवडणे शहाणपणाचे.

चॉकलेटसाठी कोकोआ बटरचे रंग वापरलेली संक्रमण-पाने वेगळी मिळतात. त्यांवरील आकृती उलट बाजूने चॉकलेटवर उमटते, म्हणून मजकूर आरशातल्यासारखा उलटा छापावा लागतो. वेफर आणि साखरकागदावर तो सरळच छापायचा असतो. हा फरक लक्षात न घेतल्यास नाव उलटे उमटते आणि कागद वाया जातो.

यंत्र, शाई आणि पहिली शुद्धता

खाद्य छपाईसाठी बहुधा बाजारातील साधेच इंकजेट यंत्र वापरले जाते. त्यात कागदाची शाई न भरता खाद्य शाईच्या कुप्या बसवतात. या शाईत पाणी, ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल, सायट्रिक आम्ल, संरक्षक आणि पाण्यात विरघळणारे खाद्य रंग असतात. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या सूक्ष्म थेंबांनी सारे चित्र घडते. पांढरी शाई यंत्रात नसते. चित्रातला पांढरा रंग म्हणजे उघडा राहिलेला कागद.

येथे एक नियम अपवादाविना पाळावा लागतो. ज्या यंत्रात एकदाही कागदी छपाईची शाई भरली गेली, ते यंत्र खाद्य छपाईसाठी कायमचे बाद समजावे. साध्या शाईचे अंश छपाईच्या मुखात, नळ्यांत आणि शाई शोषणाऱ्या गादीत राहतात. नुसत्या धुण्याने ते पूर्णतः जात नाहीत. साध्या यंत्रांचे उत्पादकही खाद्य वापराची हमी देत नाहीत. म्हणून नवे यंत्र घेऊन पहिल्या दिवसापासून ते केवळ खाद्य शाईसाठी राखावे, त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे आणि दुकानाची बिले चुकूनही त्यावर छापू नयेत. रंगीत छायाप्रती काढणाऱ्या दुकानातील यंत्रावर ‘फक्त शाई बदलून’ काढलेले चित्र खाण्याजोगे नसते.

खाद्य शाईत पाणी आणि ग्लिसरीन असल्याने यंत्र काही दिवस बंद राहिले की ती छपाईच्या मुखात वाळते आणि चित्रावर आडव्या रेघा दिसू लागतात. दर दिवशी-दोन दिवशी चारही रंगांची एक लहान पट्टी छापत राहणे हा त्यावरचा सोपा उपाय. कुप्यांवरील अंतिम मुदत पाहावी आणि कागद-कुप्या हाताळण्यापूर्वी हात धुवावेत. यंत्र पीठ, धूळ आणि माश्यांपासून दूर, झाकून ठेवावे.

कायदा काय सांगतो

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ आणि त्याखालील २०११ च्या नियमावलीनुसार भारतात आठ कृत्रिम खाद्य रंग मूळ अनुज्ञेय यादीत आहेत. लालसाठी पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्यासाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो एफसीएफ, निळ्यासाठी इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू एफसीएफ, तर हिरव्यासाठी फास्ट ग्रीन एफसीएफ. तयार पदार्थात कृत्रिम रंगांची सर्वसाधारण कमाल मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम अशी आहे. शाईच्या कुपीवर घटक, उत्पादक, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असावी लागते. नुसते ‘एडिबल’ असे लिहिलेली, घटकांची यादी नसलेली कुपी विकत घेऊ नये.

ही काळजी अनाठायी नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलतेशी संबंध आढळला. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपीय संघात टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४ आर यांच्यासह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांविषयीचा इशारा छापणे बंधनकारक झाले. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने, ऱ्होडामिन बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडल्यावर, ‘म्हातारीचे केस’ म्हणजे कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्नाटकाच्या अन्न सुरक्षा विभागाने तपासलेल्या केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ नमुने कृत्रिम रंगांमुळे असुरक्षित ठरवले. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या विक्रीविरुद्ध घेतलेली भूमिका आणि तिच्यामागची कृत्रिम रंगांची तक्रार वाचकांच्या स्मरणात असेल.

या सर्वांतून केककारागिरासाठी एक व्यवहार्य धडा निघतो. गडद, काठोकाठ रंग भरलेल्या चित्रात शाई सर्वाधिक असते आणि ती सारी वरच्या पातळ थरात एकवटलेली असते. पांढरी पार्श्वभूमी राखून मधोमध छापलेल्या चित्रात ती फार कमी लागते. अशी मांडणी डोळ्यांनाही अधिक सुखावते, अक्षरे त्यावर अधिक ठळक दिसतात आणि पाहुण्या मुलांची बोटे-जिभा निळ्या होत नाहीत. आरोग्य आणि सौंदर्य यांचे हित येथे एकच आहे.

दुसरी शुद्धता : अक्षर

पिशवीतून क्रीम पिळून देवनागरी लिहिणे अवघड असते. शिरोरेखा, वेलांट्या, जोडाक्षरे सांभाळताना अनुभवी हातही अडखळतो आणि बहुतेक केकवर रोमन अक्षरांतले नाव येते. छपाईने ही अडचण दूर केली. आता ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘विठ्ठल’ ही नावेही ‘राम’इतक्याच सहजतेने केकवर येऊ शकतात. मात्र संगणकावर अक्षर जुळवताना चूक झाली, तर ती तितक्याच सुबकपणे छापली जाते.

मराठी मजकुरात पुढील जागा विशेष तपासाव्यात.

‘ळ’ : गोपाळ, मंगळा, तुळसा, बाळ या शब्दांत ‘ल’ आलेला नाही ना, हे पाहावे. हिंदी कळफलकावर काम करणाऱ्याला हे अक्षर शोधावे लागते, म्हणून नाव तोंडी न सांगता लिहून द्यावे.

‘ऱ्या’ : दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाढदिवसांपैकी पहिल्या दोहोंत हे अक्षर येते. त्याऐवजी रफार छापला गेला, तर ‘दुसर्या’ असे भलतेच रूप होते. ‘वऱ्हाड’ या शब्दाचीही हीच गत होते.

‘ल’ आणि ‘श’ : महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे स्वीकारली. संगणकावरील अनेक टंकांत मात्र हिंदीत रूढ असलेली रूपे आपोआप उमटतात. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ टंक विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यात मराठी वळणाची अक्षरे मिळतात.

ऱ्हस्व-दीर्घ : ‘हार्दिक’मधील ‘दि’ ऱ्हस्व आहे. ‘हार्दीक’ हे रूप फलकांवर वारंवार दिसते, म्हणून ते बरोबर ठरत नाही. ‘शुभेच्छा’मधील ‘च्छा’ सुटा होऊ देऊ नये. हिंदी साच्यातील ‘जन्मदिन’ तसाच ठेवून पुढे मराठी मजकूर जोडू नये. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे तीन शब्द पुरेसे आहेत.

तांत्रिक बाजू अशी की, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात. काही चित्र-संपादन प्रणाली युनिकोडमधील जोडाक्षरेही नीट जुळवत नाहीत. ‘क्ष’चा ‘क्‌ष’ होतो आणि वेलांटी जागा सोडते. यावर साधा उपाय म्हणजे मजकूर भ्रमणध्वनीवर किंवा शब्दसंस्कारकात युनिकोडमध्ये टाइप करावा, तो चित्ररूपात जतन करावा आणि ते चित्रच छपाईत वापरावे. छपाईपूर्वी साध्या कागदावर, दुसऱ्या यंत्रातून, एक प्रत काढून ती घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचायला द्यावी. केक कापताना चूक लक्षात येण्यापेक्षा हे बरे.

अक्षरांचा आकार मोठा ठेवावा. खाद्य शाई कागदी शाईपेक्षा थोडी अधिक पसरते. बारीक अक्षरांत ‘ळ’ची गाठ आणि ‘ध’, ‘थ’ यांची पोकळी भरून जाते. अतिबारीक रेघांचे नक्षीदार टंक टाळावेत. गडद चित्रावर पांढरे अक्षर ठेवण्यापेक्षा पांढऱ्या पट्टीवर गडद अक्षर ठेवणे केव्हाही सुवाच्य.

चित्र सिद्ध करणे

अर्धा किलोचा गोल केक साधारणतः १५ सेंटिमीटर आणि एक किलोचा २० सेंटिमीटर व्यासाचा असतो. साच्याप्रमाणे हे माप बदलते, म्हणून प्रत्यक्ष केक मोजूनच चित्राचा आकार ठरवावा. फॉन्डंटच्या कडा गोलाकार वळतात, तेव्हा चित्र केकच्या व्यासापेक्षा एक-दोन सेंटिमीटर लहान ठेवावे. स्पष्ट छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू असे प्रमाण धरतात. त्यानुसार १५ सेंटिमीटरच्या चित्राला सुमारे १,८०० आणि २० सेंटिमीटरच्या चित्राला सुमारे २,४०० बिंदूंची रुंदी लागते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेले चित्र आकुंचन पावते. तेच दस्तऐवज म्हणून पाठवल्यास मूळ आकारात पोहोचते.

खाद्य रंगांची झेप मर्यादित असते. काळा रंग किंचित तपकिरी किंवा हिरवट, तर गडद निळा जांभळट दिसू शकतो. सावळ्या चेहऱ्यांची छायाचित्रे छापताना ती थोडी उजळवून घ्यावीत, अन्यथा चेहऱ्याचे बारकावे बुजतात. उजळवणे म्हणजे गोरे करणे नव्हे. डोळे, ओठ आणि हसू दिसावे, एवढाच हेतू असावा. कापडावर छापलेला जुना फोटो किंवा अल्बममधील छायाचित्र वापरायचे असेल, तर ते उजेडात, सपाट ठेवून, सावली न पडता टिपावे.

चित्र लावण्याची रीत

केकवर प्रथम बटरक्रीम किंवा गनाशचा पातळ थर देऊन वर फॉन्डंट पसरतात. पाणीदार क्रीमवर फॉन्डंट टिकत नाही, ते ओल शोषून विरघळू लागते. आवरण घातल्यावर तास-दोन तास थांबावे, म्हणजे पृष्ठभाग कोरडा होतो आणि बोट लावल्यास चिकटत नाही.

छापलेला साखरकागद काही मिनिटे वाळू द्यावा, कात्रीने कापावा आणि मागचे प्लॅस्टिक कडेपासून हळूच सोडवावे. कागदाच्या पाठीवर मऊ कुंचल्याने पाण्याचा किंवा केकच्या जेलचा अगदी पातळ हात द्यावा. डबके साचू देऊ नये. मग मधल्या भागापासून सुरुवात करून कडांकडे, कोरड्या हाताने हलकेच दाबत न्यावे. हवेचा बुडबुडा राहिला, तर बारीक सुईने टोचून तो काढता येतो. सुई केकमध्ये राहणार नाही, याची खात्री करावी. वेफर कागदाला पाणी लावू नये. जेल किंवा ग्लिसरीनचा विरळ थर पुरतो.

अधिक सुरक्षित रीत अशी की, फॉन्डंटची वेगळी चकती लाटून त्यावर आदल्या दिवशी चित्र लावावे, ती सपाट वाळवावी आणि ऐनवेळी केकवर ठेवावी. चित्र बिघडले, तरी केक वाचतो आणि कापण्यापूर्वी चित्र अखंड उचलूनही ठेवता येते.

हवेचा हिशेब

साखरेचा कागद हवेतली ओल शोषतो आणि सोडतोही. एप्रिल-मेमध्ये पांढुर्णा-सौंसर भागात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडी असते. तेव्हा पाकिटाबाहेर राहिलेला कागद थोड्याच वेळात ठिसूळ होऊन तडकतो. त्याला हवाबंद पिशवीतच ठेवावे, एका वेळी एकच पान काढावे आणि छापून लगेच वापरावे. पावसाळ्यात तेथेही आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तर वर्षातील बहुतेक महिने नेमके उलटे घडते. कागद लिबलिबीत होतो आणि प्लॅस्टिकपासून सुटत नाही. अशा वेळी छापलेले पान एक-दोन मिनिटे शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे किंवा प्लॅस्टिकच्या बाजूने केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा द्यावी.

फॉन्डंट केक शीतकपाटात उघडा ठेवू नये. बाहेर काढताच त्यावर दव धरते, शाई ओघळते आणि चेहऱ्यावर रेघा उतरतात. आतील क्रीममुळे थंड ठेवणे भागच असेल, तर केक घट्ट बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोके न उघडता तो सभोवतालच्या तापमानाला येऊ द्यावा. खाद्य रंग उन्हात लवकर उडतात, म्हणून मांडणीतला केक खिडकीच्या काचेपासून दूर ठेवावा. दुपारी दुसऱ्या गावी केक न्यायचा असल्यास मोटारीची मागची काच ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा.

काय छापावे, काय छापू नये

चित्रपट आणि व्यंगमालिकांतील पात्रे स्वामित्वहक्क कायदा १९५७ आणि बोधचिन्हविषयक कायद्यांच्या कक्षेत येतात. परवानगीशिवाय ती छापून विकणे हा हक्कभंग ठरू शकतो. त्याऐवजी स्थानिक चित्रांचा खजिना मोकळा आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, फांदीवरची संत्री, आजोबांचे शेत किंवा मुलाने स्वतः रंगवलेले चित्र यांतले काहीही छापता येते. मुलाची रेघोटी केकवर उमटली, की त्या घरापुरते तिचे मोल कोणत्याही व्यंगपात्राहून अधिक असते.

देवतांची, संतांची आणि शिवछत्रपतींची चित्रे केकवर छापून त्यांवर सुरी चालवणे अनेकांना खटकते. राष्ट्रध्वजाबाबत २०१३ च्या नाताळात कोइम्बतूर येथे कापलेल्या तिरंगी केकचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला ध्वजाचा अवमान मानले नाही. तरीही कायद्याने मुभा असणे आणि पाहुण्यांच्या मनाला रुचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवंगत आप्तांचे छायाचित्र वापरायचे असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे वेगळ्या चकतीवर लावून कापण्यापूर्वी बाजूला काढणे उचित.

ग्राहकाने विचारावयाचे प्रश्न

केकची मागणी नोंदवताना पाच प्रश्न पुरेसे आहेत. छपाईचे यंत्र केवळ खाद्य शाईसाठी राखलेले आहे का? शाईच्या कुपीवर घटक आणि मुदत छापलेली आहे का? फॉन्डंटमध्ये जिलेटिन आहे का? दुकानाचा चौदा अंकी अन्न सुरक्षा क्रमांक कुठे लावला आहे? आणि छापण्यापूर्वी मजकुराचा नमुना पाहायला मिळेल का? प्रामाणिक व्यावसायिकाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट दर्जेदार साहित्यावर जास्त खर्च का होतो, हे सांगण्याची संधी त्याला मिळते. घरून केक करून विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा नोंदणी लागू आहे. ही नोंदणी असलेली घरगुती केककारागीर ग्राहकाला अधिक विश्वासाने उत्तर देऊ शकते.

केकवरचे चित्र तासाभरात संपते. त्याचे छायाचित्र मात्र घरात वर्षानुवर्षे राहते आणि नाव कसे लिहिले होते, हे त्यातून पुढेही दिसत राहते. दाखल्यावर ‘गोपाल’ असलेल्या मुलाने मोठेपणी ते छायाचित्र पाहिले, तर घरात आपल्याला ‘गोपाळ’ म्हणत, हे त्याला तेथे वाचता यावे. त्यासाठी छपाईपूर्वी कागदावरची एक प्रत तपासणे एवढेच कष्ट लागतात.